‘इमारत जुनी आहे हो’: हॉटेलवाल्यांचं हे उत्तर कुठवर ऐकून घ्यायचं?

रातजागा

शहराच्या ऐन मध्यात, शे-दीडशे वर्षांच्या इमारतीत थाटलेल्या छोट्या बुटीक हॉटेलांचं सध्या फार कौतुक चाललंय. मीही अशा ठिकाणी राहत आलोय. त्या कौतुकातलं निम्मं मला मान्य आहे. स्टेशनवरून चालत पोहोचता येतं, हिंडून दमलं की लगेच खोलीवर परतता येतं, आणि सकाळी खिडकीतून जे दिसतं ते हायवेलगतच्या साखळी हॉटेलात जन्मात दिसणार नाही. हा धागा उरलेल्या निम्म्याबद्दल.

गरम पाणी सकाळी मध्येच संपलं? इमारत जुनी आहे हो. वायफाय जिन्यापर्यंतच येतं? इमारत जुनी आहे. गादीला मधोमध खड्डा? इमारत जुनी आहे. गादी काय इमारतीबरोबर बांधली होती?

मागच्या मुक्कामात तर कमाल झाली. वेबसाइटवर फोटो एका खोलीचा, हाती किल्ली दुसरीची. रात्री खालच्या गल्लीत बारमधल्या रिकाम्या बाटल्या पिंपात ओतण्याचा कार्यक्रम. खाली काउंटरवर कोणी नाही, फक्त एक फोन नंबर चिकटवलेला. आणि उशीशेजारी, सुबक डबीत, कानात घालायचे बोळे! म्हणजे आवाज होतो हे मालकाला पक्कं ठाऊक आहे. त्याने उपाय शोधला तो माझ्या कानात.

माझं म्हणणं असं की इमारतीच्या वयामुळे होणारी गैरसोय वेगळी आणि मालकाच्या आळसामुळे होणारी वेगळी. पाहुण्याने पहिली सोसावी, दुसरीचे पैसे परत मागावेत. तुम्हाला काय वाटतं?

चुना_आणि_वीट

गादीबाबत शंभर टक्के सहमत. बाकी यादीबाबत नाही. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो म्हणून थोडं लांबण लावतो.

न्हाणीघरापासून सुरुवात करू. हॉटेलात नळाचं पाणी आणण्याबद्दल बॉस्टनच्या ट्रेमाँट हाउसचं नाव घेतात, ते १८२९ चं. पण प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर ही सामान्य प्रवाशाच्या आवाक्यातली गोष्ट झाली ती १९०८ मध्ये बफेलोत उघडलेल्या स्टॅटलर हॉटेलाच्या सुमारास. त्याआधीचं, राहतं घर म्हणून बांधलेलं घर घ्या. त्यात वीस न्हाणीघरांची जागा असणार कुठून? ती खोलीच्या कोपऱ्यात कोंबावी लागतात. नळ्या भिंत फोडून नेता येत नाहीत, म्हणून लांबच्या वळशाने जातात आणि पाणी तापून यायला वेळ लागतो. हा आळस नाही, ही भूमिती आहे.

आता वरून येणारा पावलांचा आवाज. अशा इमारतींच्या बाहेरच्या भिंती जाड असतात, पण मजल्यांमधली जमीन लाकडी तुळयांवरच्या फळ्यांची. तिला वजन नसतं, त्यामुळे वरचा माणूस चालला की खालच्याला कळतं. काँक्रीट ओता म्हणणारे भेटतात. तेवढा भार जुन्या तुळयांनी पेलायचा कसा, हे कोणी सांगत नाही.

आणि संरक्षित वास्तू असेल तर हात बांधलेलेच. वास्तूंच्या जतनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत (१९६४) स्पष्ट म्हटलंय की वास्तू वापरात ठेवणं तिच्या जतनाला पोषक आहे, पण त्या वापरापायी तिची मांडणी किंवा सजावट बदलता कामा नये. त्यामुळे वेड्यावाकड्या आकाराच्या खोल्या दिसल्या की मला उलट बरं वाटतं. जुन्या दर्शनी भिंतीमागे सगळ्या खोल्या एकसारख्या निघाल्या तर समजा, आतलं सगळं पाडून फक्त चेहरा ठेवलाय.

रातजागा

भूमिती मान्य. पण गल्लीतला आवाज आत सोडणाऱ्या खिडकीचं काय? तुम्ही तो विषय अलगद सोडून दिलात.

चुना_आणि_वीट

सोडला नाही, लांबत होतं म्हणून थांबलो. मूळ लाकडी खिडकी काढून दुहेरी काचेची बसवायला बहुतेक ठिकाणी परवानगी मिळत नाही. पण मूळ खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी काच बसवता येते. दोन काचांमध्ये साधारण १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर ठेवलं तर आवाज नेहमीच्या दुहेरी काचेपेक्षाही चांगला अडतो, कारण तिथे अंतर जेमतेम १२ ते २० मिलिमीटर असतं. शिवाय नको असेल तेव्हा काढता येते, मूळ लाकडाला धक्का नाही.

रातजागा

म्हणजे उपाय आहे, इमारतीला चालतो, बहुतेकदा कायद्यालाही चालतो. तरी मला मिळाले बोळे. माझा मुद्दा मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर सिद्ध झाला.

अजून एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबल आणि अधूनमधून येणारा एकेक आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असं सुचवलंय. हे दोन आकडे वेगवेगळे दिलेत ते उगाच नाही. वाहतुकीच्या संथ घरघरीला माणूस सरावतो, बाटली फुटल्यावर दचकून उठतोच. मध्यवस्तीतलं हॉटेल चालवणाऱ्याला हा फरक पहिल्या आठवड्यात कळत असणार.

भटकभवानी

इतका त्रास होतो तर साखळी हॉटेलात उतरा की! तिथे सगळं मोजून-मापून मिळतं.

मला विचाराल तर साखळी हॉटेलांतली एकही खोली मला आज आठवत नाही. शहर कोणतं होतं हेही खोलीवरून सांगता येणार नाही. उलट जुन्या इमारतींतल्या सगळ्या आठवतात. कठड्याचा हाताने झिजून गुळगुळीत झालेला भाग, तिरकी जमीन, पहाटे निघायचं म्हणून काउंटरवर रात्री जागणाऱ्या माणसाने कागदावर काढून दिलेला रस्ता. मोठ्या हॉटेलात तो माणूस मला छापील नकाशा देऊन मोकळा झाला असता. बाटल्यांच्या आवाजाची तक्रार करायची असेल तर मध्यवस्तीत येऊच नका. मध्यवस्ती म्हणजे आवाज आलाच.

रातजागा

आठवणीत राहणं हा निकष कसा? दाढदुखीही आठवणीत राहते. आणि रस्ता काढून देणारा माणूस तुम्हाला भेटला, मला चिकटवलेला फोन नंबर भेटला. दोन्ही इमारती जुन्याच होत्या. मग फरक कशात आहे?

बाय द वे, या प्रकारच्या हॉटेलांची लाट ज्यांच्या नावावर मांडतात, त्यांत न्यूयॉर्कचं मॉर्गन्स हे ठळक नाव आहे, १९८४ चं. ते काढणारे इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल त्याआधी स्टुडिओ ५४ हा नाइटक्लब चालवत होते. पाहुण्याची झोप हा विषय तेव्हापासूनच मागे पडला असावा, असा मला दाट संशय आहे.

काउंटरच्या_पलीकडून

अशाच एका हॉटेलात रात्रपाळी केली आहे, त्यामुळे चार शब्द आमच्या बाजूचे.

रात्रीचा माणूस का नसतो? कारण त्याचा पगार खोल्या वीस असोत की तीनशे, तेवढाच. तीनशे खोल्यांत तो वाटला जातो, वीस खोल्यांत मालकाला टोचतो. मग पहिली काट तिथेच. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही. हॉटेल स्वतःला काहीही म्हणवो, रात्री आग लागली तर फोन नंबर जिना दाखवत नाही. अरुंद, एकच जिना असलेल्या जुन्या इमारतीत तर रात्री माणूस हवाच. या एका गोष्टीवर मी रातजागांच्या पूर्ण बाजूने आहे.

पण पाहुण्यांचंही ऐका. सगळ्यात स्वस्त खोली निवडायची आणि सगळ्यात महागड्या खोलीचा फोटो मनात धरून यायचं, हे रोजचं. स्वस्त खोली बहुधा सगळ्यात वर असते आणि त्याला कारण आहे. एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दोर कापून लिफ्टचा ब्रेक दाखवला आणि १८५७ मध्ये तिथल्याच एका दुकानाच्या इमारतीत माणसांसाठी लिफ्ट बसली. त्याआधी वरचा मजला म्हणजे जिने चढायचे, म्हणून तिथे नोकरमाणसं राहायची. उतरतं छप्पर, बुटकं दार, टीचभर खिडकी. लिफ्टनंतर बांधलेल्या हॉटेलांत वरचा मजला महाग झाला, आमच्या इमारतीत मात्र तो नोकरांचाच राहिला. आम्ही त्याला ‘आरामदायी छतखोली’ म्हणतो आणि तुम्ही ते वाचून हरखता.

थोडं धंद्यातलं गुपित: बुकिंग साइटवरचा एकूण गुणांक फारसा मनावर घेऊ नका. ‘ठिकाण’ या रकान्यात आमच्यासारख्यांना भरभरून गुण मिळतात, आणि त्यात आमचं कर्तृत्व काय? इमारत तिथे आधीपासून उभी होती. स्वच्छता, कर्मचारी आणि झोप यांबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वेगळं काढून वाचा. बुकिंग झालं की हॉटेलला थेट लिहा: रस्त्याकडची खोली की अंगणाकडची, बारच्या वर आहे का, लिफ्ट त्या मजल्यापर्यंत जाते का. उत्तर गोलमोल आलं तर तेच उत्तर समजायचं.

पायरीमोजणी

तुम्ही सगळे गादी आणि झोप यांवर भांडताय. माझी आई व्हीलचेअरवर असते. आमच्यासाठी ‘इमारत जुनी आहे’ म्हणजे ‘येऊ नका’.

लिफ्ट आहे असं लिहिलेलं असतं. तिथे गेल्यावर कळतं की ती अर्ध्या जिन्यावरून सुरू होते. व्हीलचेअर सहज जायला दार साधारण ८० सेंटिमीटर मोकळं हवं. विचारलं की ‘हो हो, मोठं आहे’ असं उत्तर. फूटपट्टी घेऊन मोजायला कोणी तयार नसतं. वेबसाइटवर लॉबीतल्या झुंबराचे डझनभर फोटो, प्रवेशाच्या पायऱ्यांचा एकही नाही. दाराच्या मापाला व्हेनिसची सनद आडवी येते का?

चुना_आणि_वीट

नाही येत. पण काही ठिकाणी खरंच इलाज नसतो. अॅमस्टरडॅमच्या पुलित्झर हॉटेलाचं उदाहरण घ्या, कालव्याकाठची २५ जुनी घरं आतून जोडून केलेलं. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळी बांधलेली घरं जोडली की मजल्यांच्या पातळ्या जुळत नाहीत, आणि मग मधल्या बोळात पायऱ्या येतात. त्या सपाट करायच्या तर घरंच पाडावी लागतील.

पायरीमोजणी

तुम्ही पायऱ्या का आहेत ते सांगताय. मी त्या का लपवतात ते विचारतेय.

आणि जुन्या वास्तू म्हणजे धडधाकट माणसांच्याच, असंही काही नाही. स्पेनमध्ये सरकारच १९२८ पासून पॅराडोर ही हॉटेलं चालवतं, त्यातली कित्येक किल्ल्यांत नि मठांत आहेत. सान्तियागो दे कोम्पोस्तेलामधली इमारत तर मुळात यात्रेकरूंसाठी बांधलेलं रुग्णालय होती, १९५४ पासून हॉटेल आहे. थकलेल्या, आजारी माणसांसाठी उभी राहिलेली ती भिंत आहे. ‘परंपरा’ सांगायचीच तर तीही सांगा.

चुना_आणि_वीट

लपवण्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. ते समर्थन करण्यासारखं नाहीच.

मध्यवस्तीकर

अशा हॉटेलाच्या समोर राहतो. तुम्हाला आमचा आवाज येतो म्हणता? पहाटे चार वाजता फरसबंदीवरून चाकांच्या बॅगा कोण ओढतं?

आमच्या गल्लीत आधी बिऱ्हाडं होती. एकेक इमारत हॉटेल झाली, खालची रोजच्या वापराची दुकानं गेली, आणि आता इथे ‘अस्सल शहर’ बघायला येणारे एकमेकांनाच बघतात. बार्सेलोनाने २०१७ मध्ये मध्यवस्तीत नव्या निवास-व्यवसायांना मनाई केली, अॅमस्टरडॅमने २०२४ मध्ये एक हॉटेल बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असं ठरवलं. ते काय हौस म्हणून? वास्तू वाचली म्हणून टाळ्या वाजवताना वस्तीचं काय झालं तेही लिहा.

चुना_आणि_वीट

वस्तीचं दुःख खरं आहे. पण रिकामी इमारत कोणालाच थांबत नाही. एक कौल सरकतो, पाणी तुळईच्या टोकाशी मुरतं, आणि काही पावसाळ्यांत जिना बंद करायची वेळ येते. घर म्हणून ती सांभाळायला कोणी पुढे येत नसेल तर हॉटेल हा वाईटातला बरा पर्याय.

मध्यवस्तीकर

‘कोणी पुढे येत नसेल तर’. आमच्या गल्लीतली बिऱ्हाडं पुढे आलेलीच होती, पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. हॉटेलवाल्याइतके पैसे देऊ शकली नाहीत, एवढंच.

भटकभवानी

धागा पाहुण्यांच्या अनुभवाचा आहे ना? 🙂

रातजागा

चालू द्या, हाही अनुभवच आहे.

काउंटरवाले, एक विचारतो. परीक्षण लिहायचं तर असं काय लिहावं की मालक खरंच हलेल? ‘आवाज फार’ लिहून काही होत नाही. त्याखाली त्यांचं ठरलेलं उत्तर येतं, आमच्या ऐतिहासिक वास्तूचा आनंद घेतल्याबद्दल आभारी आहोत वगैरे.

काउंटरच्या_पलीकडून

खोलीचा क्रमांक लिहा. ‘आवाज फार’ हे सगळ्या हॉटेलाबद्दल होतं, त्याला काही लागत नाही. ‘१२ नंबरच्या खोलीत बाटल्यांचा आवाज येतो’ असं लिहिलं की पुढचा पाहुणा ‘१२ सोडून कोणतीही’ म्हणतो. ती खोली रिकामी राहायला लागली की मालकाला काच बसवायचं सुचतं. आमच्याकडे तसंच झालं होतं.

पायरीमोजणी

आणि प्रवेशाच्या पायऱ्या किती तेही लिहीत जा, कृपा करून. तुम्हाला दोन सेकंद लागतात, आमची सहल वाचते.

चुना_आणि_वीट

क्रमांकाची युक्ती चांगली आहे, पण मला तिची भीती वाटते. घाबरलेला मालक आतली काच बसवत नाही, मूळ खिडकीच उपटून प्लास्टिकची बसवतो. मग तुम्हीच पुढच्या वेळी ‘जुनेपण राहिलं नाही’ म्हणून एक गुण कापाल.

रातजागा

खिडकी काढायला परवानगी मिळत नाही असं तुम्हीच वर म्हणालात.

चुना_आणि_वीट

मिळत नाही. विचारतो कोण?