ताईची डिलिव्हरी अमेरिकेत, आई-बाबांचा व्हिजिटर व्हिसा: 'स्पॉन्सर'चे कागद नक्की कोणते?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. ताई आणि भाऊजी न्यू जर्सीत असतात, दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिशावर. पहिलंच बाळंतपण, तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली. आई-बाबा महिनाभर आधी पोचावेत असं चाललंय. बाबा ६८ वर्षांचे, रिफायनरीतून रिटायर, पेन्शन आहे. आई गृहिणी. घर स्वतःचं, मी इथंच बडोद्यात त्यांच्यासोबत राहतो. बाबांचा जुना व्हिजिटर व्हिसा २०२३ मध्ये संपला, आईचा कधी काढलेलाच नाही.

अलकापुरीतल्या एका एजंटानं यादी दिली आहे: ताईचं नोटरी केलेलं स्पॉन्सर लेटर, आय-१३४ हा खर्चाच्या हमीचा फॉर्म, तिचे तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न आणि बाबांच्या खात्यात 'दाखवायला' पंधरा लाख. शिवाय बाबांचं काम ड्रॉपबॉक्सनं (म्हणजे मुलाखतीशिवाय, नुसते कागद देऊन) होईल, मुंबईला फक्त आईला न्या, आणि स्लॉट लांबचा मिळाला तर डॉक्टरांचं पत्र लावून इमर्जन्सी अपॉइंटमेंट काढू, असंही म्हणाला. यातलं खरं किती?

सुरसागर

फारच थोडं. अमेरिकेच्या बी-२, म्हणजे व्हिजिटर व्हिसाला स्पॉन्सर लागतच नाही. अर्ज आई-बाबांचा आणि पारखही त्यांचीच होते: इथं घर, पेन्शन, माणसं काय आहेत, आणि ते परत येतील का. आमंत्रणपत्र किंवा खर्चाची हमी आवश्यक नाही असं अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं. आय-१३४ हा के-१सारख्या (अमेरिकन नागरिकाशी लग्न ठरलेल्यांचा व्हिसा) वेगळ्या प्रकरणांतला फॉर्म, इथं त्याचं काही काम नाही. ताईचे तीन वर्षांचे रिटर्न तर मुलाखतीच्या खिडकीपर्यंत पोचणारही नाहीत.

पंधरा लाखांचं तर अजिबात करू नका. पेन्शनच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली की स्टेटमेंट बघणाऱ्याला पहिला प्रश्न तोच पडतो. नेहमीचं खातं, एफडीच्या पावत्या, पेन्शनची पीपीओ (मंजुरीचा आदेश), घराचा कागद, एवढं एका फोल्डरमध्ये ठेवा. ताईकडून तिच्या पासपोर्टची आणि आय-७९७ची (एच-१बी मंजुरीचा कागद) प्रत, कंपनीचं पत्र आणि प्रसूतीची तारीख लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र मागवा. बहुतेकदा काहीच मागत नाहीत, पण मागितलं तर हाताशी हवं.

ड्रॉपबॉक्स विसरा. २ सप्टेंबर २०२५ पासून नियम आवळले आहेत. व्हिजिटर व्हिसा संपून १२ महिन्यांच्या आत नूतनीकरण असेल तरच मुलाखतीतून सूट मिळू शकते, आणि वयावरून मिळणारी सूटही गेली. २०२३ ला संपलेला व्हिसा त्यात बसत नाही, त्यामुळे दोघांनाही मुंबईला जावं लागणार. बाबांचा जुना पासपोर्ट मात्र बरोबर ठेवा. आधी जाऊन वेळेत परत आलेला माणूस ही त्यांची सगळ्यात भक्कम बाजू आहे, आणि त्याचा फायदा आईलाही होतो.

इमर्जन्सीचं तर साफ खोटं. लग्न, पदवीदान आणि गरोदर नातेवाइकाच्या मदतीला जाणं ही कारणं इमर्जन्सी अपॉइंटमेंटसाठी चालत नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून फी आजच भरा आणि मिळेल तो स्लॉट घ्या. पुढं रोज पाहत राहिलं की रद्द झालेले स्लॉट सापडतात, पण अपॉइंटमेंट पुढंमागं करायची फुकट संधी एकदाच मिळते. दुसऱ्यांदा बदलायला गेलात तर फी पुन्हा. त्यामुळे चार दिवस अलीकडचा स्लॉट दिसला म्हणून ती संधी उडवू नका.

मकरपुरा_डेपो

फीचं सांगतो. माणशी १८५ डॉलर, रुपयांत अमेरिकी दूतावासाच्या दरानं. परत मिळत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि भरल्यापासून ३६५ दिवसांत अपॉइंटमेंट ठरवावी लागते. अपॉइंटमेंटच्या साइटवर दोघांना एकाच प्रोफाइलमध्ये घाला, म्हणजे एकत्र वेळ मिळते. डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मात्र प्रत्येकाचा वेगळा.

तो फॉर्म एजंटाला भरू देऊ नका. त्यानं काही चुकीचं टाकलं तरी उत्तर आई-बाबांचंच धरलं जातं. तुम्ही भरून दिलात तरी 'फॉर्म भरायला कुणी मदत केली का' याला 'हो' म्हणून स्वतःचं नाव द्यायचं. साइट वीसेक मिनिटं हात लावला नाही की बाहेर काढते, म्हणून सुरुवातीला दिसणारा अॅप्लिकेशन आयडी लिहून घ्या आणि प्रत्येक पानावर सेव्ह करा.

खरी गोची आडनावाची असते. आपल्याकडच्या जुन्या पासपोर्टांत, बायकांच्या तर हमखास, आडनावाचा रकाना रिकामा आणि पूर्ण नाव 'गिव्हन नेम'मध्ये असतं. तसं असेल तर व्हिशावर सगळं नाव आडनावात जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापून येतं. मग तिकीट एका नावाचं, व्हिसा दुसऱ्या, आणि विमानतळावर समजावत बसा. आईचा पासपोर्ट आजच उघडून बघा. रकाना रिकामा असेल तर आधी पासपोर्ट री-इश्यू, मग डीएस-१६०. पासपोर्ट सेवा केंद्र बडोद्यातच आहे, त्यासाठी अहमदाबाद गाठायची गरज नाही.

फॉर्म सबमिट झाला की 'एए'नं सुरू होणारा कन्फर्मेशन नंबर मिळतो. अपॉइंटमेंटला तोच नंबर जोडलेला हवा. चूक दिसली म्हणून नवा फॉर्म भरलात तर प्रोफाइलमध्येही नंबर बदला, आणि तो आदल्या रात्री नाही, काही दिवस आधी. नाहीतर दोघांना मुंबईहून हात हलवत परत यावं लागेल. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला, चष्मा काढून. बाबांचा जुन्या व्हिशावरचा फोटो पुन्हा लावू नका, हे फार जण करतात.

दांडियाबाजारकर

खूप धन्यवाद. आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना भरलेला आहे, सुटलो. आता मुलाखत. आईला इंग्रजी येत नाही, आणि तिला विचारलं तर ती सरळ म्हणणार, 'बाळाला सांभाळायला चालले'. तेच खरंही आहे. आणि मुक्काम सहा महिने लिहायचा का?

प्रतापगंज_काकू

अरे, मराठीतच बोलू दे की तिला. मुंबईत मराठी, गुजराती, हिंदी चालतं, अपॉइंटमेंट घेताना भाषा निवडायची.

'सांभाळायला' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: मुलगी कामावर जाणार आणि तुम्ही घरी मूल बघणार का? म्हणजे पगारी आयेच्या जागी आजी, असा वास येतो. खोटं काहीच बोलायचं नाही, पण खरं कारण पूर्ण सांगायचं: मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, तिच्याजवळ राहायचंय, नातवंडाला बघायचंय, बारसं करून परत यायचंय. एवढं पुरे. भाषण नको. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते आणि उत्तर संपल्यावर गप्प बसणं आपल्या लोकांना जमत नाही, हीच अडचण. बाबा आईच्या वतीनं बोलायला लागतात तेही नको. अधिकारी मुद्दाम आईला विचारतो, तेव्हा बाबांनी खिडकीकडे बघत उभं राहायचं.

दोघांची उत्तरं एकमेकांशी आणि फॉर्मशी जुळायला हवीत. ताई काय काम करते, कुठल्या गावात राहते, तिकिटं कोण काढणार, मागं घरी कोण. शेवटच्याला 'मुलगा आमच्यासोबत राहतो' हे सरळ सांगा, ते वजनदार उत्तर आहे.

सहा महिन्यांचं: जेवढं खरंच राहायचं तेवढंच लिहा. डिसेंबरअखेर जाऊन एप्रिलमध्ये परत, म्हणजे साडेतीन-चार महिने, ते पटतं. 'जास्तीत जास्त मिळेल तेवढं' हे उत्तर कुणालाच आवडत नाही. कलम २१४-बी खाली (परत येतील याची खात्री पटली नाही म्हणून) नकार आला तर अपील नसतं, पुन्हा फी भरून पुन्हा अर्ज, आणि काही बदललं नसेल तर उत्तरही बहुधा तेच. म्हणून पहिल्यांदाच नीट करा.

एक माझा सल्ला: दोघं एकदम जाऊन एकदम येण्यापेक्षा आई आधी, बाबा दोन महिन्यांनी. ताईला माहेरचं माणूस जास्त दिवस मिळतं. व्हिसा दोघांचा एकत्रच काढायचा, तिकिटं वेगळी.

सुरसागर

काकूंना अनुमोदन. मुंबईच्या फेरीचं बघा: बोटांचे ठसे आणि फोटो एका दिवशी व्हिसा अॅप्लिकेशन सेंटरला, मुलाखत त्यानंतर बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) कॉन्सुलेटमध्ये. लागोपाठच्या दिवसांचे स्लॉट घ्या. बोरिवलीला उतरणं सोयीचं, मुक्काम वांद्र्याच्या आसपास. कॉन्सुलेटमध्ये बॅगा आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू चालत नाहीत, ठेवायची सोयही नाही. तुम्ही बरोबर जा, सामान सांभाळत बाहेर थांबा.

व्हिसा साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो, पण राहायचं किती ते त्यावरून ठरत नाही. उतरल्यावर इमिग्रेशन अधिकारी ठरवतो, बहुतेकदा सहा महिने. ती तारीख आय-९४वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर असते. ताईला सांगा, दोघं घरी पोचले की त्याच आठवड्यात सीबीपीच्या (अमेरिकेचं कस्टम्स आणि सीमा खातं) साइटवरून दोघांचे आय-९४ उतरवून तारखा तपासायच्या.

हरणीरोड

मध्येच विचारतो. आमचे चिरंजीव कॅनडात, तिथंही असंच का?

मकरपुरा_डेपो

नाही काका, तिथं उलट आहे. साधा व्हिजिटर व्हिसा असतोच, पण आई-वडील, आजी-आजोबांसाठीचा सुपर व्हिसा घेतलात तर मुलाचं उत्पन्न खरोखर तपासतात, त्याचं आमंत्रणपत्र लागतं, वर वैद्यकीय तपासणी आणि किमान एक वर्षाचा एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा. त्या बदल्यात एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र मुलगा नागरिक, कायम रहिवासी किंवा तिथल्या कायद्यानं नोंदलेला 'इंडियन' (कॅनडाचा मूळनिवासी, आपल्यासारखा भारतीय नव्हे) असायला हवा. वर्क परमिटवर असेल तर सुपर व्हिसा नाही. एजंट लोक ही यादी अमेरिकेला चिकटवतात, दांडियाबाजारकरांचं तेच झालेलं दिसतंय.

प्रतापगंज_काकू

विम्याचं राहिलं. अमेरिकेच्या बी-२ ला सक्ती नाही, तरी विम्याशिवाय पाठवू नकोस. 'फिक्स्ड बेनिफिट' स्वस्त असतो, पण प्रत्येक गोष्टीला ठरलेलीच रक्कम देतो आणि तिथलं बिल त्याच्या कितीतरी पट येतं. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे प्रत्यक्ष बिलाच्या प्रमाणात देणारा, घ्या. बाबांना बीपी-शुगर असेल तर जुना आजार अचानक उसळला तर किती देणार ते वाचा. नेहमीच्या तपासण्या आणि गोळ्या त्यात येत नाहीत. गोळ्या मुक्कामाला पुरतील एवढ्या, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

आणि डिंकाचे लाडू! दुबई किंवा अबुधाबीवरून जाणार असाल तर त्यात खसखस घालू नका. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात, सामानात सापडली तर अटकेपर्यंत जातं. अळीव भाजून लाडवांत घाला, सुटं बी नेऊ नका. अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचं सामान आहे हे जाहीर करायचं, लपवलं तर दंड. अबुधाबीमार्गे असाल तर अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम्स तपासणी तिथंच होते, तेव्हा मधला वेळ कमी असलेलं तिकीट घेऊ नका.

दांडियाबाजारकर

एजंटाला 'नको' म्हणून कळवलं. फी भरली, उद्या बाबांना शेजारी बसवून डीएस-१६०. आईला खसखशीचं सांगितलं, ती अजून मानत नाहीये.