उंदराच्या गर्भातील पेशींचा वंशवृक्ष कृमीसारखा का मांडता येत नाही?

प्रश्न:
सी. एलेगन्स या सूत्रकृमीच्या गर्भातील कोणती पेशी कोणापासून झाली, हे जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहून १९८३ मध्ये पूर्ण नोंदवले, आणि तो वृक्ष प्रत्येक कृमीत जवळजवळ तोच असतो. उंदराचा असा वृक्ष नाही, तो केवळ गर्भ मादीच्या पोटात दडलेला असतो म्हणून का? शिवाय क्रे-लॉक्स पद्धतीने (म्हणजे पेशीतील डीएनए कापून तिला कायमची रंगाची खूण करण्याच्या तंत्राने) खूण केलेल्या पेशीची संतती पुढे हृदयात सापडली, तर ती पेशी हृदयासाठीच ठरलेली होती, असे म्हणता येईल का?

प्रतिसाद १:
दडलेपणाची अडचण आहेच. पण मुळात नोंदवण्याजोगा एकच वृक्ष तेथे नाही. भ्रूणशास्त्रज्ञ टार्कोव्स्की यांनी १९५९ मध्ये उंदराच्या द्विपेशीय गर्भातील एक पेशी नष्ट केली, तरी उरलेल्या एकीपासून संपूर्ण उंदीर जन्माला आला. पुढे १९६७ मध्ये त्यांनी व व्रुब्लेव्स्का यांनी असे मांडले की, पेशींच्या गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला राहिलेल्या पेशी वार (नाळेशी जोडलेले गर्भपोषक इंद्रिय) घडवण्याकडे वळतात आणि आत अडकलेल्या पेशींपासून गर्भ घडतो. म्हणजे येथे कुळापेक्षा जागेला महत्त्व अधिक.

प्रतिसाद २:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. खूण एवढेच सांगते की, त्या पेशीच्या वाट्याला त्या गर्भात काय आले. ती आणखी काय होऊ शकली असती, हे कळायला ती उचलून दुसऱ्या जागी रोवून पाहावी लागते. शोधनिबंधांतही या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

त्यातही 'एक पेशी' हा शब्द जपून वापरावा. मक्याच्या तेलात विरघळवलेले टॅमॉक्सिफेन हे औषध गाभण मादीला दिले की गर्भाच्या पेशींत मुद्दाम घातलेले क्रे हे विकर (एन्झाइम) केंद्रकात शिरते, लॉक्स खुणांमधला डीएनएचा तुकडा कापून काढते आणि रंगाचे जनुक त्या पेशीत व तिच्या सर्व संततीत कायमचे चालू होते. मात्र मात्रा जास्त झाली, तर शेजारच्या दोन पेशी रंगतात आणि त्यांची सरमिसळ झालेली संतती एकाच पेशीची वाटते; म्हणून मात्रा मुद्दाम इतकी कमी ठेवतात की बहुतेक गर्भांत रंग दिसूच नये. औषध लगेच निघूनही जात नाही, त्यामुळे 'गर्भाच्या साडेसातव्या दिवशी खूण केली' हे विधानही सैलच समजावे.

प्रश्नकर्ता:
मग क्रे नव्हते तेव्हा एकेका पेशीचा माग कसा घेत?

प्रतिसाद २:
सुईने. लॉसन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एपिब्लास्टच्या (ज्यापासून गर्भाचे शरीर घडते त्या आरंभीच्या पेशीथराच्या) एकेका पेशीत रंगद्रव्य टोचून गर्भ काचपात्रात वाढवले, तेव्हा एकाच पेशीची संतती कित्येकदा एकाहून अधिक जननस्तरांत (ज्यांपासून शरीराचे निरनिराळे अवयव बनतात त्या मूळ थरांत) विखुरलेली आढळली. रंग मात्र दर विभाजनागणिक निम्म्याने पातळ होतो.

प्रतिसाद ३:
माणसात यांपैकी काहीच करता येत नाही. तेथे विभाजनांच्या वेळी आपोआप घडलेली उत्परिवर्तनेच खुणेचे काम करतात. प्रौढांच्या रक्तातील अशा उत्परिवर्तनांवरून २०१७ मध्ये दिसले की, गर्भाच्या आरंभीच्या दोन भगिनी पेशींचा पुढच्या रक्तपेशींतला वाटा समान नसून साधारण दोनास एक असा असतो.