'कुणी अडवलं नाही' म्हणे! मुलींच्या फुटबॉलवरून भांडण

कृष्णाकाठचा आळशी
काल माधवनगरच्या दादांनी लिहिलं की सांगलीत मुलींचा फुटबॉल क्लब काढणं म्हणजे वर्गणीचा चुराडा. कारण काय, तर "बायकांचं फुटबॉल बघायला कुत्रं फिरकत नाही, म्हणून पैसा नाही. कुणी अडवलेलं नाही." बाकी सगळं सोडून दिलं असतं, पण हे शेवटचं वाक्य काही पचेना.

इंग्लंडात प्रेस्टनला डिक, कर कंपनीचा कारखाना होता. ट्राम, रेल्वेचं काम करायचा, पहिल्या महायुद्धात तोफगोळे करू लागला. गडी लढाईवर, मग कामावर बाया. जेवणाच्या सुट्टीत आवारात चेंडू लाथाडायच्या, त्यातून १९१७ ला संघ उभा राहिला. त्याच नाताळात डीपडेल मैदानावर सामना, दहा हजार माणूस, जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी सहाशे पौंडांच्या वर निधी. १९२० च्या नाताळच्या सुट्टीत लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर ५३,००० लोक आत आणि हजारो गेटाबाहेर.

आणि ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लिश फुटबॉल संघटनेचं फर्मान: सदस्य क्लबांनी बायकांच्या सामन्यांना मैदान द्यायचं नाही. ते उठायला १९७१ उजाडलं. अर्धं शतक दाराला कुलूप लावायचं आणि वर विचारायचं, गिऱ्हाईक का येत नाही?

माधवनगरचा दादा
वाचलं. प्रेस्टन कुठं, सांगली कुठं! युद्धात पुरुषांची लीग बंद होती. लोकांना दुसरं बघायलाच काही नव्हतं, गेले असतील.

कृष्णाकाठचा आळशी
लीग १९१५ ला थांबली आणि १९१९ ला पुन्हा सुरू झाली. ५३,००० ची गर्दी १९२० च्या डिसेंबरातली. तारखा लावा की, दादा.

माधवनगरचा दादा
बरं, नाताळची सुट्टी आणि वर दानधर्म. दानासाठी तर लोक आमच्या गल्लीतला ऑर्केस्ट्रापण ऐकतात. आणि संघटनेची हिशोबाबद्दलही तक्रार होती ना? निधीतला पैसा खर्चात जातोय म्हणून? ते बरं गाळलंत.

कृष्णाकाठचा आळशी
गाळलं नाही, तुम्ही काढाल म्हणून ठेवलं होतं. खेळणाऱ्या बाईला सामन्यामागं दहा शिलिंग मिळायचे, बुडलेल्या मजुरीपोटी. कारखान्यातल्या बाईनं खाडा करून फुकट खेळावं अशी अपेक्षा असेल तर तसं म्हणा. आणि घोटाळाच होता तर घोटाळा करणाऱ्याला धरायचं, खेळच बायकांच्या जोगा नाही असं फर्मानात कशाला घालायचं?

खो-खो मास्तर
तुमचं चालू द्या, पण हे फुटबॉलचं कौतुक कशाला? जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुली जिंकल्या. सांगलीत किती जणांनी बघितला? बुटांना पैसे नाहीत, जाळ्यांना नाहीत, आणि खो-खोला तर काहीच लागत नाही. तरी सगळ्यांना गोल पोस्टच पायजे!

मिरजेची मावशी
मास्तर, खेळ कुठलाही काढा, मैदान दाखवा आधी. माझी पोरगी सरावाला जाते. मैदानावर वर्षभर काही ना काही प्रदर्शन. ते उठलं की मांडववाले खांब उपटून नेतात, खड्डे तसेच. मुली आधी ओळीनं चालत खिळे, तारा, बांबूच्या कपच्या वेचतात आणि मग पळायला लागतात. मागच्या दिवाळीनंतर एकीच्या बुटाच्या तळातून खिळा आरपार गेला, पायात चार टाके पडले. आयोजकाला फोन केला तर म्हणाला, "ताई, मैदान परत केलं की आमची जबाबदारी संपली."

हळदीचा व्यापारी
प्रदर्शनवाल्यांना शिव्या घालू नका. भाडं भरतो आम्ही. त्याच्यावर मैदानाचं लाइटबिल निघतं. मुलींच्या क्लबनं भाडं भरलंय का कधी?

मिरजेची मावशी
भाडं भरता म्हणजे खिळे पेरायचा परवाना मिळतो व्हय?

हळदीचा व्यापारी
ओ ताई, भाषा सांभाळा. २०१९ च्या पुरात निम्मं सांगली पाण्याखाली होतं, दुकानं चिखलात गेली. आम्ही माल कुठं विकायचा? उधारीवर उभं राहिलो, ते असल्या स्टॉलवरच.

मिरजेची मावशी
पूर माझ्या घरातही आला होता, भाऊ. म्हणून मी कुणाच्या अंगणात खिळे टाकत नाही.

कोल्हापूरचा पेठकरी
आमच्याकडं बघा म्हणावं. पेठापेठांत तालमीचे फुटबॉल संघ, शाहू स्टेडियमवर गर्दी. मैदानासाठी भांडायची तयारी पायजे, रडून काय व्हतंय?

मिरजेची मावशी
तुमच्या त्या गर्दीत मुलींचे सामने किती असतात, ते सांग की लेका.

कोल्हापूरचा पेठकरी
...हां, ते जरा कमीच.

माधवनगरचा दादा
धागा खिळ्यांवर गेला. माझा मुद्दा राहिलाच. शंभर वर्षांपूर्वीचं काढून आज काय साधणार? आज मुलींना कोण अडवतंय?

कृष्णाकाठचा आळशी
ऑगस्ट २०२२. गोकुलम केरळा क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या. तिकडं फिफानं भारतीय महासंघाला निलंबित केलं. भांडण पदाधिकाऱ्यांचं, आणि एकही सामना न खेळता परत फिरल्या त्या मुली. पुरे का?

आणि प्रेस्टनच्या बायका बंदीनंतर घरी बसल्या नाहीत. १९२२ ला अमेरिकेला गेल्या, तिथं बायकांचे संघ मिळेनात म्हणून पुरुषांच्या संघांशी खेळल्या, काही सामने जिंकल्याही. क्लब १९६५ पर्यंत चालला. त्याच संघातली लिली पार, सेंट हेलेन्स गावची, पुढं मनोरुग्णालयात परिचारिका झाली आणि डाव्या पायानं गोल मारत खेळत राहिली. २००२ ला इंग्लिश फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे मानाच्या दालनात, गेलेली ती पहिली बाई. तोवर ती वारून बरीच वर्षं झाली होती.

माधवनगरचा दादा
ताश्कंदचं ठीक आहे, मान्य. तेवढंच. पण वर्गणी मी देणार नाही, सांगून ठेवतो. आधी क्लबनं हिशोबाची वही दाखवावी.

मिरजेची मावशी
वही आहे, दादा. रविवारी सकाळी मैदानावर या, दाखवते. येताना लोहचुंबक आणा.

हळदीचा व्यापारी
परत खिळे! आयोजकांची बैठक आहे, तिथं विषय काढतो. पण क्लबनंही भाडं भरावं, ही अट राहील.

खो-खो मास्तर
आणि खो-खोच्या खांबांना जागा सोडा त्या मैदानावर. नाहीतर मी नवीन धागा काढतो.