मदत हवी आहे: विंडोजमधला कीबोर्ड हुक मधेच गप्प होतो

विंडोज ११, सी शार्प, विनफॉर्म्स (विंडोजसाठी खिडक्यांचे प्रोग्रॅम बनवायची लायब्ररी). डब्ल्यूएच_कीबोर्ड_एलएल हुक (प्रत्येक की दाबली की विंडोज आधी आपल्या प्रोग्रॅमला कळवते, ती सोय) मेन फॉर्ममधूनच, म्हणजे मुख्य खिडकीतूनच, लावला आहे. कॉलबॅकमध्ये (की आली की विंडोज बोलावते ते आपलं फंक्शन) कॅप्स लॉक गिळून सेंडइनपुटने (प्रोग्रॅममधून की पाठवायचं फंक्शन) एस्केप पाठवतो, शिवाय प्रत्येक की लॉग फाइलमध्ये लिहितो. थोडा वेळ ठीक चालतं, मग कॉलबॅक येणंच बंद. क्रॅश नाही, एरर नाही. रीस्टार्ट केलं की पुन्हा सुरू. शिवाय दोन कीबोर्ड जोडलेले असतील तर की कुठल्या कीबोर्डची, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
क्रॅश नाही म्हणजे संशय टाइमआउटवर, म्हणजे कॉलबॅकने ठरलेल्या वेळेत उत्तर न देण्यावर. डेलिगेट (कॉलबॅककडे बोट दाखवणारा ऑब्जेक्ट) गार्बेज कलेक्ट झालं असतं, म्हणजे निरुपयोगी समजून मेमरीतून काढलं गेलं असतं, तर प्रोग्रॅम बहुधा कोसळलाच असता. (तरी ते स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवाच.)

हुक ज्या थ्रेडने लावला त्याच थ्रेडच्या मेसेज लूपवर (विंडोजचे निरोप एकेक करून घेणारी फेरी) कॉलबॅक चालतो. तुमच्याकडे तो यूआय थ्रेड (खिडकी सांभाळणारा) आहे, त्यामुळे मोठा तक्ता (ग्रिड) भरताना किंवा डिस्क अडकल्यावर उत्तर उशिरा जातं. विंडोज ७ पासून असा उशीर झाला की विंडोज हुक गुपचूप काढून टाकते आणि अ‍ॅपला ते कळायची सोय नाही. मर्यादा रजिस्ट्रीत कंट्रोल पॅनेल\डेस्कटॉपखाली लोलेव्हलहुक्सटाइमआउटमध्ये असते, पण विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून १००० मिलिसेकंदांपलीकडे ती वाढत नाही. म्हणजे तो आकडा वाढवून काही साधणार नाही.

हुकला वेगळा थ्रेड द्या, त्यात फक्त गेटमेसेजचा मेसेज लूप. गिळायची की असेल तर कॉलबॅकमधून १ परत, नाहीतर कॉलनेक्स्टहुकएक्स (की पुढे जाऊ देणारं फंक्शन). लॉगसाठी नोंद क्यूमध्ये (रांगेत) टाका, फाइल दुसरा थ्रेड लिहील. आणि कॉलबॅकमध्ये ब्रेकपॉइंट (डीबग करताना प्रोग्रॅम थांबवायची खूण) लावू नका, त्यानेही टाइमआउट होतो.

प्रतिसाद २
सेंडइनपुटने पाठवलेली की तुमच्याच हुकमध्ये परत येते. नुसता इंजेक्टेड फ्लॅग (की प्रोग्रॅमने पाठवलेली आहे ही खूण) बघून सोडलीत तर ऑन-स्क्रीन कीबोर्डच्या कीसुद्धा सुटतील. की पाठवताना डीडब्ल्यूएक्स्ट्राइन्फोमध्ये (कीसोबत जाणारी जादा माहिती) स्वतःची खूण घाला आणि तीच तपासा.

कीबोर्ड ओळखायला हुकचा उपयोग नाही, हुकला मिळणाऱ्या माहितीत डिव्हाइसच नसतं. रॉ इनपुट (थेट उपकरणाकडून माहिती घ्यायची विंडोजची सोय) वापरा: रजिस्टररॉइनपुटडिव्हायसेस फंक्शनला युसेज पेज १, युसेज ६ (म्हणजे कीबोर्ड), सोबत आरआयडीईव्ही_इनपुटसिंक द्या, म्हणजे विंडो मागे असतानाही डब्ल्यूएम_इनपुट हा निरोप मिळेल. त्यातल्या एचडिव्हाइसवरून कीबोर्ड कळतो. मात्र रॉ इनपुटने की अडवता येत नाही. एकाच कीबोर्डची की गिळायची असेल तर फिल्टर ड्रायव्हरपर्यंत (कीबोर्ड आणि विंडोजच्या मध्ये बसणारा ड्रायव्हर) जावं लागेल.

प्रश्नकर्ता
थ्रेड वेगळा केला, आता टिकतोय. फक्त अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या विंडोत रिमॅप (कॅप्स लॉकच्या जागी एस्केप) होत नाही.

प्रतिसाद १
ते यूआयपीआय, विंडोजची सुरक्षा-सोय. कमी अधिकारांच्या प्रोसेसच्या हुकला वरच्या अधिकारांच्या विंडोचं इनपुट मिळत नाही. तुमचा रिमॅप करणारा प्रोग्रॅमही अ‍ॅडमिन म्हणून चालवा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मात्र तरीही अडवता येणार नाही.