ओवी, लावणी, गीतरामायण : तुमच्या आयुष्यात कोणते गाणे रुजले आहे?

प्रश्न
निरनिराळ्या प्रकारांतील आपली आवडती गाणी आणि त्यांच्याशी जोडलेली आठवण कृपया सांगावी. माझ्यासाठी पहिले स्थान आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचे आहे. दळताना ती माहेरच्या माणसांची नावे ओवीत गुंफत असे, आणि ती गेल्यावर त्या नावांपैकी निम्मी सांगणारे घरात कोणी उरले नाही.

उत्तर 1
१ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सादर झालेल्या गीतरामायणातील ‘पराधीन आहे जगती’ हे माझे गीत. वडील गेले त्या वर्षी मी ते रोज ऐकत असे. सुधीर फडके यांच्या स्वरात राम भरताची समजूत घालतो, तेव्हा दुःख नाकारले जात नाही, त्याला केवळ सोबत मिळते, आणि मला तेव्हा तेवढेच हवे होते.

उत्तर 2
सुलोचना चव्हाण यांची ‘फड सांभाळ’ ही लावणी. आमचा उसाचाच फड असल्याने तिची प्रतिमा आम्हाला समजावून घ्यावी लागली नाही. आई ती उघडपणे गुणगुणत असे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपल्या आईंना आणखी कोणत्या लावण्या येत होत्या, हे अवश्य लिहावे.