म्युनिकला इंटर्नशिप चालू आहे, तीन आठवडे झाले पण करमत नाहीये

इचलकरंजीची_पोर:
नमस्कार मंडळी. पुण्यात मेकॅनिकलला आहे, सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी म्युनिकला आलेय. काम मस्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाकी काही जमेना. ऑफिसात सकाळी सगळे मोर्गन म्हणतात, मग हेडफोन, ते डायरेक्ट संध्याकाळी च्यूस. मी डबा नेते, डेस्कवरच खाते, कोणी विचारत पण नाही. रविवारी दुकानं बंद असतात हे माहीत नव्हतं, पहिला रविवार चहा आणि आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर काढला. मागच्या रविवारी वॉशिंग मशीन लावलं तर दारावर चिठ्ठी, फोनवर भाषांतर केलं तर म्हणे रविवारी आवाज नको. खाली नावसुद्धा नाही! त्यात टॅक्स नंबरचं पत्र अजून आलेलं नाही आणि एचआर रोज मागतेय. आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) पहिल्याच आठवड्यात केलंय. सगळ्यांचं असंच होतं की मीच येडी?

म्हसोबा_गेट:
अगं आधी खाली जा आणि लेटरबॉक्सवर तुझं नाव आहे का बघ. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन फक्त नाव बघतो, नाव नसलं की पत्र परत. तू सबलेटवर असशील तर नक्की हाच घोळ.

इचलकरंजीची_पोर:
आत्ता चपला घालून खाली जाऊन आले. जुन्या भाडेकरूचंच नाव आहे 🤦‍♀️

म्हसोबा_गेट:
घ्या! कागदावर लिही, सेलोटेप लाव, बेलवर पण. आलेलं पत्र परत गेलं असेल तर नंबर पुन्हा मागवता येतो, ऑनलाइन फॉर्म आहे. आणि रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं तर फ्रॉड समजून फेकू नकोस, टीव्ही नसला तरी दर घरामागे द्यावीच लागते, महिना १८ युरोच्या वर आहे. मूळ भाडेकरू भरतोय का ते आधी विचार.

फोंड्याचो_झील:
रविवारी काही लागलं तर हाउप्टबानहोफला (मेन रेल्वे स्टेशन) जा, स्टेशनातली दुकानं उघडी असतात, महाग आहेत पण दूध-ब्रेड मिळतं. बाकी दिवशी पण रात्री ८ ला शटर खाली, बायर्नमध्ये (म्युनिकचं राज्य) हे फार कडक. आणि स्ट्राइफेनकार्ट (पट्ट्यापट्ट्यांचं तिकीट) घेतलंस तर मशीनमध्ये पंच कर गं बाई. यू-बानला (मेट्रो) गेट नाहीत म्हणून मी पहिल्या महिन्यात कोरं तिकीट खिशात घेऊन ऐटीत बसलो होतो, साध्या कपड्यातले दोघे आले, ६० युरो गेले. तिकीट होतं माझ्याकडे! पण पंच नाही म्हणजे तिकीट नाही. प्लास्टिकच्या बाटल्या मात्र जमवून परत देतो, एकीचे २५ सेंट, तेवढीच वसुली 😄

जुना_म्युनिककर:
११ वर्षं झाली इथे. डेस्कवर डबा खाणं बंद कर, बाकीचं आपोआप होईल. हे लोक साडेअकरा-बाराला कँटीनला टोळीनं जातात, आपल्याला कोणी हाताला धरून नेत नाही कारण त्यांना वाटतं तुला एकटीलाच बसायचंय, डबा उघडून बसलीस म्हणजे तसं समजणारच. तू फक्त जॅकेट घालून उभी राहा आणि इश कोम मिट (मी पण येते) म्हण. डबा तिथे नेला तरी चालतो बहुतेक ठिकाणी. दुसरं म्हणजे इथे वाढदिवस ज्याचा त्यानंच केक आणायचा असतो, आपल्यासारखं इतरांनी आणायचं नाही. मी पहिल्या वर्षी दिवसभर वाट बघत बसलो होतो, कोणी विश पण केलं नाही. लवकर विश करणं अशुभ मानतात, पण मी तर त्याच दिवशी बसलो होतो, असो. चिठ्ठीवाल्या शेजाऱ्याला जिन्यात भेटलीस की सर्वुस (इकडचा नमस्कार) म्हण, मनावर घेऊ नकोस.

इचलकरंजीची_पोर:
अपडेट, दहा दिवसांनी. पत्र आलं!! एचआर गप्प. कँटीनला पण गेले, पहिल्या दिवशी सगळे माल्त्साइट (जेवताना म्हणायचा नमस्कार) म्हणून खायला लागले, मला वाटलं काहीतरी विचारलं म्हणून मी या या (हो हो) म्हटलं, सगळे हसले. शेजारचा एक आजोबा निघाला, चिठ्ठी त्याचीच असावी, आता रोज सर्वुस करतो. चटणी एकानं चाखली, पाणी प्यायला, परत मागितली. त्यामुळे संपली. कोणी इचलकरंजी-कोल्हापूरकडून इकडे येतंय का पुढच्या महिन्यात? अर्धा किलोच आणायचीय.