संग्रह सांभाळणाऱ्या माणसाचा पगार कुठून काढायचा?

खानापूरची लेक:
नमस्कार. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, हलशीच्या जवळ. वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत बाबांनी ३० वर्षं जमवलेल्या वस्तू आहेत. ७ वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा), पितळेची मापं, मोडी कागदांचे ११ रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. बाबा शिक्षक होते. ते गेल्यावर गावातला एक मुलगा हे सगळं बघायचा. महिन्याला ४ हजार रुपये, तेही आम्ही चार घरं मिळून द्यायचो. मे महिन्यात तो बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला लागला. त्याला दोष नाही, त्याचं लग्न ठरलंय.

आमच्याकडं मिरगापासून भिंती ओल धरतात. तो उघडीप मिळाली की रुमाल सोडून उन्हात ठेवायचा. परवा मी एक रुमाल सोडला, तर कसरीनं कागद असा खाल्लाय की 'सन' एवढंच वाचता येतं, पुढचा आकडा गेलाय. बाबांचं अक्षर असलेली चिठ्ठी तेवढी शाबूत होती. मला तिथंच रडू आलं.

एका कार्यालयात गेले. म्हणाले, काचेची कपाटं मागा, माणूस मागू नका. पण कपाटं आली तरी ती रोज उघडून बघणार कोण? महिन्याला १० हजारांची कायमची सोय कशी करायची, कुणी केली असेल तर सांगा.

निपाणीकर:
ताई, ग्रामपंचायतीच्या मागं लागून वेळ घालवू नका. १५व्या वित्त आयोगाच्या निधीतून पगार देता येत नव्हता, आम्ही तिथंच अडलो होतो. वाचनालयांसाठी निदान उपकर तरी आहे. कर्नाटकाच्या १९६५च्या ग्रंथालय कायद्यानं मालमत्ता करावर तो घेतात, पण तो पैसा सरकारी ग्रंथालयांकडं जातो. संग्रहालयांसाठी तसलं काहीच नाही, हेच खरं दुखणं आहे.

साखर कारखान्याकडं जाणार असाल तर आधी तो सहकारी की कंपनीचा ते बघा. सीएसआरची, म्हणजे नफ्यातला ठरावीक भाग समाजकामाला देण्याची सक्ती कंपनी कायद्यातली, सहकारी संस्थेला ती लागू नाही. कंपनीचा नफा ५ कोटींच्या वर असेल तर ती सक्ती लागते, आणि वारसा जतन सीएसआरच्या कामांच्या यादीत बसतं. अर्ज संस्थेच्या नावानं करा, तुमच्या नावानं नको.

धारवाडहून:
मी ९ वर्षं एका संग्रहालयात कंत्राटावर आहे, म्हणून कळकळीनं सांगतो. पैशाआधी नोंद. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानं १०० वर्षांवरची दगडी शिल्पं खासगी संग्रहात असली तरी नोंदवावी लागतात. प्रत्येक वीरगळाचा फोटो, उंची, कुठल्या शेतात मिळाला ते लिहा. ही वही नसेल तर कुणीही देणगीदार पहिल्याच प्रश्नाला तुम्हाला थांबवेल. केंद्राची संग्रहालय अनुदान योजना आहे, पण ती इमारत, दालनं, डिजिटायझेशन अशा कामांसाठी. रोजच्या पगाराला तिचा आधार नाही. त्यासाठी ठेव जमवून व्याजावर चालवणं हाच टिकाऊ मार्ग मी पाहिलाय.

आणि ताई, रुमाल उन्हात नको, कागद ठिसूळ होतो. सावलीत वारं द्या. वीरगळ भुईवर असतील तर खाली लाकडी फळ्या घाला. शेंदूर-तेल कुणाला लावू देऊ नका.

खानापूरची लेक:
दोघांचेही मनापासून आभार. उन्हाचं मला माहीत नव्हतं, बाबाही तसंच करायचे.

काल वीरगळांचे फोटो काढायला बसले. खालच्या चौकटीत गुरं आणि ढाल धरलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंग. सहा झाले. सातव्याची माती ओल्या कापडानं पुसली तर दोन चौकटींमधल्या पट्टीवर अक्षरांच्या दोन ओळी निघाल्या, हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नड वाटतात. बाबांच्या वहीत यांचा उल्लेख नाही. मी आता पुढं काही पुसत नाही. धारवाडचे दादा, अक्षरांचा कागदावर ठसा घेता येणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर सांगाल का? त्यांच्या जाण्या-येण्याचा खर्च मी करते, राहायला आमचं घर आहे.